मेण, वात आणि अक्कांचं नाक

परवा कपाटातून सोया मेणाची पिशवी काढली, तर आतले सुटे पापुद्रे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला. म्हणजे उन्हाळा आला. जळगावात उन्हाळा आल्याचं कुणी कुणाला सांगावं लागत नाही, पण मला तो पेपरातल्या तापमानाआधी मेण सांगतं. मग ऊन वर यायच्या आत गॅलरीचं दार लावून घ्यायचं, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि मेणाची पिशवी खालच्या मजल्यावर अक्कांच्या थंड फडताळात नेऊन ठेवायची. पिशवी घेऊन जिना उतरताना गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवला आणि मी मधल्याच पायरीवर जरा टेकले. गुडघे दुखतात म्हणूनही टेकले, खोटं कशाला सांगू.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या आणि भाऊजी खाली राहतात, आम्ही वर. त्यांचं माहेर चोपड्याकडचं, माझं धुळ्याचं. लग्न होऊन आले तेव्हा मी स्वतःला मोठी शहरातली समजत होते, पण अक्कांच्या नाकापुढे माझं काही चाललं नाही. वर माझ्या ओट्यावर दूध लागायच्या बेतात आलं की खालून हाक यायची, “रेखा, दूध लागनं वं तुन्हं!” आधी मला याचा राग यायचा. आपल्या दुधाची बातमी खालच्या मजल्याला आपल्याआधी कळावी, हे कुठल्या नव्या सुनेला आवडेल? पुढे पुढे मी दूध तापायला ठेवून खुशाल पेपर वाचत बसायला लागले.

आणि चैत्रातला मसाला! आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत वर्षाचा काळा मसाला झालाच पाहिजे, असा आमच्या घराचा दंडक. मिरची अक्कांनी स्वतः हुंगून आणायची. दुकानदाराने कितीही लालभडक ढीग पुढे केला तरी मुठीत दोन मिरच्या चुरगाळून नाकाशी न्यायच्या आणि बऱ्याचदा नाक मुरडून पुढच्या दुकानी जायचं. घरी आल्यावर धणे वेगळे, खोबरं वेगळं, कांदा वेगळा, दगडफूल वेगळं, असं एकेक कढईत पडायचं. अक्का रंगाकडे फारशा बघत नसत. झारा फिरवता फिरवता मान जरा वर करायच्या आणि म्हणायच्या, “बस.” त्या एका ‘बस’वर आमच्या शेवभाजीची आणि पाटोड्यांच्या रश्श्याची वर्षभराची चव ठरायची. तेव्हा खाली धूर, वर आमचं शिंकणं, खोकणं, आणि सगळ्या गल्लीला कळायचं की यांच्याकडे मसाला भाजतायत.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या थंडीत अक्कांना ताप आला. ताप साधाच होता. तो गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी आम्ही ते हसण्यावारी नेलं. भाऊजी तर म्हणाले, “बरं झालं, आता मला बाहेरून वडा खाऊन आल्याचं कळणार नाही.” अक्काही हसल्या. सर्दी उतरली की येईल वास, असं धरून आम्ही चाललो होतो.

मग एका दुपारी मी खाली उतरले, तर जिन्यातच गॅसचा वास. आत अक्का ओट्याशेजारी पाटावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. बटण उघडं, वाऱ्याने ज्योत विझलेली, आणि या शांतपणे शेंगा मोडतायत. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.  त्यांनी मांडीवरची परात बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसत बसल्या. 

भाऊजींनी त्याच संध्याकाळी सिलिंडर काढून वर आमच्याकडे आणून ठेवला. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. वास येईपर्यंत अक्कांनी एकटीने गॅसपाशी जायचं नाही, एवढंच ठरलं. पण त्यामुळे खालचं स्वयंपाकघर बंद पडलं. दोन्ही वेळचा स्वयंपाक वर व्हायला लागला आणि अक्का आपल्याच घरात पाहुण्यासारख्या पानावर यायला लागल्या. मी वाढीन ते खायच्या. भाजी खारट झाली तरी ब्र नाही, वरण लागलं तरी ब्र नाही. इतकी वर्षं ज्या बाईने माझ्या एकाही भाजीला पूर्ण मार्क दिले नाहीत, ती मुकाट्याने जेवून उठते, हे मला सोसवेना. त्यांची बोलणी खाताना मला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, “येईल कदाचित, नाहीही येणार. रोज सकाळ-संध्याकाळ ओळखीचे वास हुंगत राहा. नाकाला सवय मोडू देऊ नका.” म्हणून लवंगेची डबी, लिंबाची साल, असं काहीबाही नाकाशी धरणं सुरू झालं. अक्का चार दिवसांत कंटाळल्या. “लवंगा हुंगी हुंगी नाक झिजी जाई मन्हं,” म्हणायच्या आणि डबी उशीखाली सारून द्यायच्या.

तेव्हा माझ्या डोक्यात मेणबत्ती आली. मोबाईलवर एक बाई काचेच्या पेल्यात सुगंधी मेणबत्त्या करताना दिसली होती. मला वाटलं, डबी हुंगायला आठवणीने उघडावी लागते. मेणबत्ती लावून ठेवली की वास आपला खोलीभर फिरत राहील. अक्का भाजी निवडू देत, टीव्ही बघू देत, वास नाकाचं दार वाजवत बसेल. कल्पना मला इतकी आवडली की मी त्याच दिवशी बाजारात गेले.

आधी आणलं साधं पांढरं मेण, किराणा दुकानात लादीच्या तुकड्यांत मिळतं ते. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून त्यात ते वितळवायचं. वितळलं झकास, गोठलंही झकास, पण त्याला स्वतःचा एक राकेलासारखा दर्प. त्यात घातलेलं अत्तर कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं. शिवाय मी हौसेने काही उभ्या मेणबत्त्याही साच्यात केल्या होत्या, त्या गॅलरीत दुपारपर्यंत कमरेत वाकल्या. तेव्हा कळलं की आपल्या गावाला मेणबत्ती हवी तर ती पेल्यातच हवी. मेणाला बसायला जागा दिली की ते मऊ झालं तरी कुठे जात नाही.

मग यावलकडच्या एका ओळखीच्या बाईंनी सातपुड्यातल्या मधाच्या पोळ्याचं मेण पाठवलं. पिवळं, दाट, सुरेख. त्याला मधाचाच इतका वास की दुसऱ्या कुणाला तो पुढे येऊ देईना, आणि वितळायला असा वेळ लावी की आमच्या चहाची वेळ टळून जायची. शेवटी कुरियरने सोया मेण मागवलं. ते गरीब, लवकर वितळणारं, जो वास द्याल तो सांभाळणारं. पण आमच्या उन्हात त्याला घाम फुटायचा. पेल्यात वरच्या अंगाला तेलाचे थेंब जमायचे. आमचे हे म्हणाले, “याच्यापुढेही एक कूलर लाव.” मग सोयामध्ये थोडं पोळ्याचं मेण मिसळून पाहिलं, तेव्हा कुठे घाम थांबला. मी त्या दिवशी एवढी खूश होते की ह्यांना दुसऱ्यांदा चहा करून दिला.

वास आणायला मी अत्तरवाल्या चाचांकडे गेले. मेणात घालायचं म्हटल्यावर त्यांनी बाटली अर्ध्यातच थांबवली. “जलाने के लिए, भाभी? अत्तर लगाने की चीज है.” मग मी अक्कांचं सांगितलं. त्यांनी मोगरा, खस आणि गुलाब अशा तीन कुप्या पुढे ठेवल्या आणि म्हणाले, “मेण कढत असताना ओतू नका, सगळं उडून जाईल. जरा निवू द्या.” ते अगदी बरोबर निघालं.

राहिली वात. मेण काय, कमीजास्त मिसळून जमवता येतं, वातीचं गणित निराळं. मी बाजारातून विणलेली वात आणायला निघाले, तर अक्कांनी अडवलं. “घरमा एवढा कापूस शे अन वात इकत लेस तू?” खरंच, आमच्याकडे शेतातल्या कापसाचं एक बोचकं कायम असतं. अक्कांनी ते सोडलं, सरकी काढली, आणि मांडीवर अशा सुंदर वाती वळल्या की बघत राहावं. किती दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. मी ती प्रत्येक वात पेल्यात उभी केली, मेण ओतलं. समईत रात्र काढणारी ती वात मेणात मात्र पाच-दहा मिनिटांत मान टाकायची. कधी मऊ होऊन मेणात आडवी झोपायची, तर कधी जाड भागाशी पोचली की मशालीसारखी भडकायची. समईतल्या वातीला कडेचा आधार असतो, तेल तिच्याकडे आपण होऊन येतं. इथे तिला मधोमध स्वतःच्या पायावर उभं राहून खालून मेण ओढायचं असतं. हे मला समजलं, पण अक्कांना कसं सांगू? मी गुपचूप बाजारातली विणलेली वात आणली आणि अक्कांच्या वाती देवापुढे लावायला सुरुवात केली. आमच्या देवांनी त्या उन्हाळ्यात भरपूर उजेड पाहिला.

विणलेल्या वातीतही बारीक, जाड, मध्यम असतेच. बारीक घातली तर मधोमध विहीर पडते, कडेचं मेण तसंच राहतं आणि ज्योत आपल्याच विहिरीत बुडते. जाड घातली तर काच काळी होते आणि वातीच्या टोकाला काजळीचं बोंड धरतं. पेला रुंद की अरुंद, मेण मऊ की कडक, त्यावर वात ठरवायची, आणि ठरवून काही होत नाही, जाळून बघावंच लागतं. मी रोज एक पेला जाळायची. स्टीलची वाटी, जॅमची बरणी, दांडी तुटलेला कप, कशात म्हणून भरलं नाही! सरळ पेटलेली, न फडफडणारी, कडेपर्यंत मेण पातळ करणारी ज्योत पहिल्यांदा जमली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण हे सगळं ज्यांच्यासाठी, त्या अक्का? रोज संध्याकाळी पेला त्यांच्यापुढे ठेवायचा, त्या डोळे मिटून बसायच्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. “मन्हापुढे रोज दिवा लावस, मी काय देवी शे का वं?” त्या म्हणायच्या. मी हसायची. मग विचारायची, “आलं काही?” त्या मान हलवायच्या. “नही.” दुसऱ्या दिवशी खस. “नही.” गुलाब. “नही.” नही म्हणताना त्यांचा आवाज असा की जणू चूक त्यांचीच.

एका संध्याकाळी मात्र त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “मोगरा शे ना?” माझ्या अंगावर काटा आला. आणि पुढच्याच क्षणी तो उतरला. कारण त्या पेल्यात काहीच नव्हतं. वातीची जाडी तपासायला मी नुसतं मेण भरलं होतं. मी तरीही “हो हो, मोगराच” म्हणाले, आणि म्हणताना माझा आवाज फुटला. अक्कांना कळलं.  मग त्या म्हणाल्या, “तुन्हं उतरेल तोंड माले देखवत नही वं, रेखा.” मी वर गेले आणि मोरीचं दार लावून रडले. मी त्यांच्यासाठी मेणबत्त्या करत होते आणि त्या माझ्यासाठी वास घेत होत्या. ज्या बाईने मला खूश करायला आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही, ती खोटं बोलली. आशा सोडल्याशिवाय माणूस असं करत नाही, असं मला वाटलं आणि मी घाबरले.

रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि स्वतःवरच चिडले. मोगरा, खस, गुलाब! अक्का कधी मोगऱ्याच्या मागे लागल्या होत्या? लग्नसमारंभात कुणी अत्तर लावलं तर मनगट पुसून टाकणारी बाई. त्यांचं नाक कढईवर वाढलेलं. मी त्याला बागेत बोलावत होते आणि ते येत नाही म्हणून तोंड उतरवून बसत होते.

आखाजी तोंडावर आली होती. आंबे बाजारात आले होते, पण मिरची घरात आली नव्हती. मसाला करायचा विषय त्या वर्षी कुणी काढलाच नव्हता. पाकिटातला चालू होता. मी दुसऱ्या दिवशी किराण्यातून थोडं थोडं सामान आणलं, वरच्या घराच्या दारं-खिडक्या लावल्या आणि एकटीने मसाला भाजला. आयुष्यात पहिल्यांदा. धणे बरे झाले. मिरचीने मला रडवलं. खोबऱ्यापाशी थांबायचं कधी, तेच कळेना. मान वर करून बघितली, पण माझ्या नाकाने मला काही सांगितलं नाही. सगळं कुटून तेलात गरम केलं, गाळलं आणि मेणात मिसळलं. मेणाचा रंग असा झाला की गटारीतलं पाणी बरं. मधोमध वात उभी केली आणि पेला रात्रभर गोठू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खाली पडदे ओढलेल्या खोलीत, अक्का पलंगावर आडव्या झाल्या होत्या. भाऊजी कूलरपुढे पेपर वाचत होते. मी पेला टेबलावर ठेवून पेटवला. “आज काय शे?” अक्कांनी डोळे न उघडता विचारलं. “नवीन आहे काहीतरी,” एवढंच मी म्हटलं. गाळूनही मसाल्याचा बारीक चोथा मेणात राहिलाच होता. तो वातीत अडकला. वात तडतडायला लागली, बोंड धरलं, आणि काळा धूर वर निघाला. इतक्या दिवसांत माझी एवढी वाईट मेणबत्ती कुठलीच झाली नव्हती. भाऊजींना ठसका लागला. मला लागला. अक्कांनाही लागला, पण त्याने मी हुरळले नाही. मिरचीचा ठसका घशाला लागतो, त्याला नाक लागत नाही. मी पेल्यावर झाकण घालायला हात पुढे केला.

तेवढ्यात अक्का ताडकन उठून बसल्या. “कोनी जाळं वं हाई खोबरं?”

माझा हात तसाच राहिला.

“खोबरं करपी गयं,” त्या म्हणाल्या. “धना बरा शे. खोबरं बठ्ठं करपी गयं. कोनी भाजं?” आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या स्वतःच्या कानावर गेलं असावं. त्यांनी नाकाला हात लावला. पुन्हा श्वास ओढला. भाऊजींच्या हातातला पेपर खाली पडला. पेल्यात खोबरं आहे हे माझ्याशिवाय त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी “मीच, मीच जाळलं,” म्हणत त्यांच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी खोकत खोकत रडलो. भाऊजी उठून खिडक्या उघडायला लागले, तर अक्का ओरडल्या, “राहू द्या! जरा राहू द्या तो धूर.”

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. रात्री मी जेवले किती, मलाच ठाऊक.

सगळं एका दिवसात परत आलं असं मात्र नाही. आधी जळकं तेवढं कळायचं. मग फोडणी, मग लसूण. गॅसचा वास आल्याचं त्यांनी सांगितलं त्या दिवशी भाऊजींनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे, असं शेजाऱ्यांनी विचारल्यावर “गॅसचे” म्हणाले. लोकांना काय वाटलं असेल ते वाटो. मोगरा अजूनही त्यांना नीट येत नाही. नाही आला तरी चालेल. मी अजून मेणबत्त्या करते, आता लोक मागून नेतात, आणि नेमकी वात ठरवायला अजूनही रोज एक पेला जाळून बघते. मसाल्याचा पेला मात्र पुन्हा केला नाही. शहाण्या माणसाने करू नये असाच तो प्रकार होता.

त्या वर्षी आमचा मसाला आखाजीनंतर झाला, घरात पहिल्यांदाच उशिरा. सिलिंडर खाली गेला होता. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते, काळजीने म्हणा की कौतुकाने म्हणा. अक्कांनी मिरची हुंगून आणली होती, तरी म्हणाल्या, नाकाचा अजून भरवसा नाही, तूच भाज, मी बाजूला बसते. मी कढई तापवली, धणे भाजले, मिरची भाजली. खोबरं टाकलं आणि झारा फिरवायला लागले. जरा वेळाने अक्कांनी मान वर केली. त्यांचे डोळे मिटले होते. मी हात थांबवून वाट बघत राहिले.

“बस,” त्या म्हणाल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि माझ्या हातातून झारा काढून घेतला. “सरक तठून. हाई तुन्हं काम नही.”

मी सरकले. एवढ्या आनंदाने मी आयुष्यात कधी बाजूला झाले नव्हते.